रोटात न बसणारी गोळी

धुळ्यात आमच्या गल्लीतल्या बायका मला ‘भरली सून’ म्हणायच्या, तेव्हा मला आधी हसू यायचं आणि मग अशी चीड यायची की हातातली कळशी त्यांच्या पायावर सोडावी. भरली कसली डोंबलाची! तोंड गोळीनं फुगलं होतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसतं वाटोळं, नाक मधेच कुठेतरी हरवलेलं, गालांवर बारीक लव, आणि खाली हातपाय मात्र काड्याच. पण माणसं तोंड बघतात. तोंड गोल म्हणजे सून सुखात, एवढं सोपं शास्त्र. त्या शास्त्रापायी मी एकदा मरता मरता वाचले, म्हणून हे सांगते आहे.

मी फैजपूरकडची. आमच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, केळीच्या बागा होत्या. लग्न होऊन धुळ्याला आले, तिथे आमचे हे शाळेत मास्तर. सासरे मी येण्याआधीच गेले होते. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणायचे. बाई कडक. माझ्या माहेरचं बोलणं त्यांच्या बोलण्याहून वेगळं; मी ‘मले’ म्हणाले की त्या मुद्दाम ‘माले’ म्हणून दाखवायच्या. पहिलं वर्ष आमचं असं एकमेकींची बोली चिडवण्यात बरं गेलं.

मग पोट दुखायला लागलं. उजव्या बाजूला, खाली, असं की पदराचा बोळा दातात धरून मी चुलीपुढे बसायचे. जुलाब थांबत नव्हते, संध्याकाळी अंगात कणकण भरायची. आमचे संडास गल्लीच्या टोकाला होते. ज्या सुनेला सारखं टमरेल घेऊन सगळ्या ओट्यांसमोरून जावं लागतं, तिची काय अब्रू राहत असेल, तुम्हीच बघा. बायका भाजी निवडता निवडता मान वर करायच्या आणि परत खाली घालायच्या. डाळिंबाची साल झाली, सुंठ झाली, ताक झालं, अंगारे झाले. शेवटी जळगावच्या डॉक्टरांनी पोटावर हात फिरवला आणि आतड्याचा क्षय म्हणून सांगितलं.

मामा पिंप्राळ्याला राहायचे. तेव्हा पिंप्राळा म्हणजे जळगावाबाहेरचं गावच होतं. त्यांच्याकडे राहून मी क्षयाच्या सुया टोचून घेतल्या. टोचायला जागा उरली नाही, पण गुण काही येईना. धुळ्यात मात्र ‘क्षय’ हा शब्द माझ्याही आधी घरी पोचला होता. परत गेले तर माझा पेला आणि ताट वेगळ्या फळीवर.

खरं सांगते, मला मरणाची भीती कमी आणि परत पाठवलं जाण्याची जास्त वाटायची. आमच्या गावात एक बाई होती. दमेकरी. सासरच्यांनी ‘बरी झाली की नेऊ’ म्हणून आणून सोडली, ती कोणी नेलीच नाही. भावाच्या ओसरीवर कोपऱ्यात बसून ती वर्षानुवर्षं कापूस निवडायची. सणाला ताट मिळायचं, पण हळदीकुंकवाला हाक नसायची. लहानपणी तिच्या अंगावरून जाताना आम्ही पोरी पळायचो. आणि आता आमच्या आबांनी बागेकडच्या अंगाची एक खोली सारवून ठेवली होती. ‘कधीही ये पोरी, तुझीच आहे,’ असा निरोप धाडला. बिचाऱ्यांनी मायेनं केलं, पण मी तो निरोप ऐकला आणि मला त्या खोलीच्या कोपऱ्यात कापूसच दिसला.

आमचे हे बोलायला थोडे, पण हट्टी. त्यांनी मला मुंबईला नेलं. तिथे पोट उघडलं. क्षय नव्हताच. आतड्याचा एक भाग सुजून, आकसून बसला होता, तो कापून काढला. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. हल्ली त्याला क्रोन्स म्हणतात, तेव्हा ते नाव आमच्या तोंडात बसेना. हा आजार पुन्हा डोकं वर काढतो, असं ते म्हणाले, आणि त्यांनी गोळ्या दिल्या. नव्याच निघालेल्या, पांढऱ्या, एवढ्याशा. पुढे मला कळलं की त्यांना स्टेरॉइड म्हणतात. डॉक्टर इंग्रजीत यांच्याशी बोलले आणि यांनी मला मराठीत एवढंच सांगितलं, ‘रोज घ्यायची. चुकवायची नाही.’ का चुकवायची नाही, ते यांनी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. आपल्याकडे औषध म्हणजे दुखणं असेपर्यंतची गोष्ट. ताप उतरला की बाटली खिडकीत, आणि खिडकीतून उकिरड्यावर.

पण काय गोळी होती ती, अहाहा! थोड्याच दिवसांत मला भूक लागली. भूक म्हणजे अशी तशी नाही, सकाळी डोळे उघडताच वांग्याचं भरीत आठवायचं. कळण्याची भाकर, त्यावर लोण्याचा गोळा, वर फैजपूरहून आलेलं केळं. ज्या बाईला पेज पचत नव्हती ती ताट पुसून खायला लागली. पोट दुखत नाही म्हणजे कसं वाटतं, ते मी विसरूनच गेले होते. एक दिवस पाणी भरताना लक्षात आलं की आज सकाळपासून पोट आहे ही आठवणच आली नाही. मी कळशी खाली ठेवली आणि नळावरच रडले. शेजारणीला वाटलं, कळशी पायावर पडली.

झोप मात्र उडाली. आणि संताप! मी लग्नानंतर कधी तोंड वर करून बोलले नव्हते, ती अक्कांना उलट उत्तरं द्यायला लागले. हे समजूत घालायचे, ‘अक्का, ती बोलत नाही, गोळी बोलते.’ मग काय, गोळीच्या नावावर मी बरंच काही बोलून घेतलं. अक्का कपाळावर हात मारायच्या, पण माझा पेला त्यांनी स्वतःच्या हातानं बाकीच्या पेल्यांत आणून ठेवला.

आणि तोंड फुगत गेलं. कासार बांगड्या भरायला आला तर मनगट तेच, पण माझ्याकडे बघून म्हणतो, ‘सूनबाई सुटल्या!’ पोट थोडं सुटलं तर बायका कुजबुजत विचारायच्या, कितवा चालू आहे? माहेरी गेले तर आईनं दारातच कानशिलांवर बोटं मोडली. ‘माह्या पोरीले धुळ्याचं पानी मानवलं व माय,’ म्हणून ती गावभर सांगत सुटली. आबांनी त्या खोलीत केळीची खोकी रचून ठेवली. ती खोकी बघून मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांच्या पायाच पडले. आबांना कळेना, ही आज एकदम पाया का पडते.

माझ्या आजारपणात अक्कांनी कानबाईला नवस केला होता. सगळ्या भाऊबंदांना ते ठाऊक होतं. आता सूनबाईचं तोंड चांदीच्या ताटाएवढं झाल्यावर नवस राखून ठेवण्यात काय अर्थ? नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते आणि बाजारात सगळ्यांची डोकी आण्यांत अडकली होती, त्या श्रावणात आमच्याकडे कानबाई बसवायचं ठरलं.

खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. चौरंगावर नारळ, त्याला डोळे, नथ, हिरवं पातळ, वर केळीच्या खांबांचा मंडप. सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर पोचवायची. आणि तिच्यासाठी रोट करायचे, म्हणजे तिच्या नावाचं जेवण. वेगळे गहू निवडायचे, घरच्या जात्यावर दळायचे, त्याच पिठाचं सगळं व्हायचं, आणि ते फक्त आपल्या भाऊबंदांनीच खायचं. आमच्याकडची रीत त्यातही कडक. गहू निवडायला घेतले की घरात बाहेरची वस्तू येणार नाही, आणि रोट सरेपर्यंत रोटाच्या घरातलं सोडून दुसरं काही तोंडात जाणार नाही. विडी नाही, बाजारची शेव नाही, चहासुद्धा नाही.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी अक्कांनी घर धुऊन काढलं आणि कोनाड्यातली गोळ्यांची बाटली उचलली.

‘हाई आते घरमा नही,’ त्या म्हणाल्या. ‘शेजारनीकडे ठेवी देस.’

हे तिथेच धोतर वाळत घालत होते. म्हणाले, ‘अक्का, डॉक्टर म्हणालेत, चुकवायची नाही.’

‘तुना डॉक्टर कानबाईथीन मोठा शे का? आते कसाले गोळी? बरी ते व्हयी गयी ती. तोंड देख तिनं!’

हे माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार? मला तर मनातून हवंच होतं. गोळी बंद झाली की माझं तोंड माझ्या मापाचं होईल, आरशात नाक दिसेल. आणि नवस तर बरी झाल्याचाच फेडायचा होता! बऱ्या झालेल्या बाईला गोळी कशाला? मी म्हणाले, ‘असू द्या हो, रोट सरले की बघू.’ शेजारणीनं बाटली आपल्या लोणच्याच्या बरणीमागे ठेवली आणि आम्ही कामाला लागलो.

पहिल्या दिवशी काही नाही. मग जात्यावर हात जड व्हायला लागले. खुंटा धरायचा आणि तसंच बसून राहायचं. अक्का म्हणाल्या, बसून खाऊन सवय गेली. खरंच असेल, असं मलाही वाटलं. मग सांध्यांत दुखायला लागलं, जेवण नकोसं झालं, आणि उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे काळं यायचं. शनिवारी भाजीभाकरीचे रोट झाले. दोन घास खाल्ले आणि मला मळमळलं. रोट ओकणं म्हणजे केवढं पाप! मी न्हाणीत गेले, तोंडात पदर कोंबला, आणि जे व्हायचं ते तिथेच झालं. वर राख टाकली, पाणी ओतलं आणि हसतमुखानं बाहेर आले.

लपवलं कशाला, असं आज कोणीही विचारेल. अहो, घरात भाऊबंद जमलेले, दारात तोरण, मंडपाला आबांच्या बागेतले केळीचे खांब आलेले, आणि हे सगळं कशासाठी, तर मी बरी झाले म्हणून. आता मीच आजारी कशी पडू? ‘बरी झालेली नाही’ असं एकदा कोणाच्या तोंडून निघालं की आबांची केळीची खोकी बाहेर निघणार आणि मी आत जाणार. मला डोळ्यांपुढे ती कापूस निवडणारी बाई दिसायची. मी दात दाबून पोळ्या लाटत राहिले.

रविवारी कानबाई बसली. पूजेला आम्ही दोघं. ह्यांनी माझा हात धरून पाणी सोडायला लावलं आणि हळूच म्हणाले, ‘हात बर्फासारखे का गं?’ मी म्हणाले, ‘पाण्यात आहेत सकाळपासून.’

सोमवारी सकाळी कानबाई उठवायची वेळ. दारात डफ आणि सनई सुरू झाली. सगळ्या गल्लीतल्या बायका अंगणात. मला चौरंगापुढे उभं केलं, हातात आरती दिली. तबक माझ्या हातात आधी थरथरलं, मग माझे गुडघे थरथरले, मग मी सगळीच. अंगाला थंड घाम सुटला. मी पुढे झुकले, मागे गेले, पुन्हा पुढे झुकले. तबक कोणीतरी घेतलं. आणि एक बाई किंचाळली, ‘उनी वं माय! आंगमा उनी!’

झालं! कानबाईच्या वेळी बायकांच्या अंगात येतं, ते आमच्याकडे नवलाचं नाही. अक्कांच्या अंगात तर दर वर्षी, कोणाच्याही घरी असो, यायचीच. आणि आली की कानबाई नेमकी शेजारणींच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची, हे मी नवी सून असतानाच बघून ठेवलं होतं. आता अंगात आली ती नवसाच्या सुनेच्या! बायकांनी माझे केस सोडले, कपाळभर कुंकू चोपडलं. सनईवाल्याला चेव आला. कोणी पायांवर पाणी घालतंय, कोणी पायावर डोकं ठेवतंय. मला सगळं ऐकू येत होतं, पण विहिरीच्या तळाशी बसून ऐकावं तसं. एकीनं पोराच्या लग्नाचं विचारलं, ‘माय, मन्हा आंडोरनं लगन कवय जमी?’ मी ‘पाणी’ म्हणाले असेन. ‘नदीवरच्या पाण्याजवळ जमेल म्हणते,’ असा तिला दुसरीनं लगेच उलगडा करून दिला. मला ओरडून सांगायचं होतं, बायांनो, कानबाई नाही गं, मी आहे, मी मरते आहे. पण ओठच हलेनात. आणि तेव्हाही, काय माणसाचं मन असतं बघा, तेव्हाही मला वाटलं, बरंच झालं, देवी समजतायत. आजारी समजत नाहीत.

मग गर्दीतून अक्का पुढे आल्या. खरं तर त्या वेळी त्यांच्या अंगात यायची पाळी. त्यांनी माझ्या दोन्ही गालांवर हात ठेवले. मग गळ्यावर, मग छातीवर. आणि अशा ओरडल्या की सनई मधेच तुटली.

‘सरका! बठ्ठ्या मांगे सरका!’

‘अक्का, देवी शे…’ कोणीतरी म्हणालं.

‘देवी मन्हा आंगमा येस, माले नको शिकाडू! कानबाई येस तवय बाईमा बळ येस. हिना आंगमा ते ही सोता बी ऱ्हायनी नही!’

मी कोसळले ते त्यांच्याच अंगावर. यांना काही सांगावं लागलं नाही. पूजेचं सोवळं नेसलेले तसेच, उघड्या अंगानं, सायकल काढून डॉक्टरांकडे सुटले. अक्का शेजारणीला म्हणाल्या, ‘बाटली आन. पय!’ शेजारीण घुटमळली. रोट अजून सरले नव्हते, समोर कानबाई बसलेली, भाऊबंद दारात. ‘अक्का, रोट बाटतील,’ ती म्हणाली.

‘बाटोत.’

चौरंगापुढेच, कानबाईच्या डोळ्यांदेखत, माझं डोकं मांडीवर घेऊन अक्कांनी माझ्या तोंडात गोळी घातली. दर श्रावणात कोणाच्या पोरानं शेवेचा एक कण चोरून खाल्ला तरी उपवास धरणारी ती बाई. गोळी माझ्या पोटात ठरली नाही, उलटून पडली. त्यांनी ती पदरानं पुसली आणि दुसरी घातली.

डॉक्टर आमच्याच पेठेतले, मुंबईहून आल्यापासून मला बघत होते. त्यांनी नाडी धरली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘गोळी कधीपासून बंद?’ अक्काच म्हणाल्या, ‘मी बंद कयी.’ डॉक्टरांनी दंडात इंजेक्शन दिलं, हातात सुई खुपसली, आणि सलाईनची बाटली टांगायला जागा शोधायला लागले. भिंतीला खुंटी नव्हती. अक्कांनी कानबाईच्या मंडपाच्या बांबूकडे बोट दाखवलं. मग ती बाटली केळीच्या पानांमधे, कानबाईच्या डोक्यावर बांधली गेली आणि तिच्यातून माझ्या हातात थेंब थेंब उतरायला लागला. बाहेर वाजंत्री खोळंबली होती. अक्कांनी निरोप धाडला, ‘ही उठी तवयच कानबाई उठी.’

दुपारी मी डोळे उघडले तेव्हा पहिल्यांदा मला भूक लागली. हसू नका, खरंच! अंगात कोणीतरी दिवा लावल्यासारखी ऊब येत होती. हे उशाशी बसले होते, अजून उघडेच. डॉक्टर समजावून सांगत होते, ‘ही गोळी जे करते ते आपलं शरीर एरवी स्वतः करतं. इतके महिने बाहेरून मिळाल्यावर शरीरानं ते काम सोडून दिलंय. गोळी एकदम काढली की माणूस असा कोसळतो. कमी करायची तर हळूहळू, माझ्या देखत. देवासाठी नाही, दिवाळीसाठी नाही, कशासाठीही एकदम बंद करायची नाही.’

‘पण बरी झाली ना ती?’ यांनी विचारलं.

‘आजार झोपलाय. गेलेला नाही. गोळी बरीच वर्षं लागेल, कदाचित कायमची.’

त्यांचं खरं निघालं. मी ती गोळी पुढे कित्येक वर्षं घेतली, कधी अर्धी, कधी दोन. तिनं माझी हाडं ठिसूळ केली, डोळ्यांत वेळेआधी मोतीबिंदू आणला, आणि जरा लागलं की कातडीवर निळे डाग. तिला मी शिव्याही भरपूर घातल्या. पण तिच्यावर मी जगले, संसार केला, हे बोलायला आज बसले आहे. फुगलेल्या गालांचं दुःख मला पुन्हा कधी झालं नाही.

त्या दुपारी मात्र मी ‘गेलेला नाही’ एवढंच ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. कारण दारात नाना उभे होते. नाना म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ, अख्ख्या भाऊबंदकीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी सगळं ऐकलं होतं. डॉक्टर गेल्यावर ते यांना म्हणाले, ‘म्हंजे बाई बरी व्हयेलच नही. मंग नवस कसाना फेडा आपन? रोट बी बाटनात.’ थोडं थांबून, अगदी शांतपणे, माझ्या भल्याचं सांगावं तसं म्हणाले, ‘तिले मायेरले धाडी दे. बरी व्हयनी म्हंजे ली येऊत.’

तेच शब्द. बरी झाली की आणू. हे उठून उभे राहिले, ‘नाना…’ म्हणाले, आणि परत माझ्या उशाशी खाली बसले. बापाच्या जागी असलेल्या माणसापुढे ते कधी बोललेच नव्हते.

अक्का तर त्यांच्यापुढे उभ्याही राहायच्या नाहीत. जेठ घरात आले की त्या दाराआड, डोक्यावरून पदर, आणि काही सांगायचं असेल तर पोराच्या तोंडून. त्या माझ्या पायाशी बसल्या होत्या. उठल्या. पदराला ती ओकलेली गोळी पुसल्याचा डाग तसाच होता. तो पदर खांद्यावर होता, डोक्यावर घ्यायचं त्यांना सुचलं नाही. सरळ नानांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

‘नवस मी करा व्हता, भाऊ,’ त्या म्हणाल्या. ‘मी काय मांगं ते तुमले म्हाईत शे का?’

नाना मागे सरकले.

‘बरी कर असं मी मांगेलच नही. बरं करानं काम डॉक्टरनं. मन्ही सून मन्हा घरमा ऱ्हाऊ दे, इतलंच मांगं मी कानबाईले. ती शे ना आठे? देखा, शे का नही? मंग फिटना नवस.’

नानांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळानं बाहेरून त्यांचाच आवाज आला, वाजंत्र्यांना म्हणत होते, ऊन कलायला लागलं, आता तयारीला लागा रे.

सलाईन संपत आलं तशी कानबाई उठली. बायका तिला डोक्यावर घेऊन पांझरा नदीकडे निघाल्या, हेही त्यांच्याबरोबर गेले. डफाचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. दर वर्षी सगळ्यात पुढे नाचणाऱ्या अक्का त्या दिवशी गेल्या नाहीत. मी हुंदके देऊन रडायला लागले, थांबवता येईना.

‘हाऊ हात हालवू नको, सुई निंघी जाई,’ अक्का म्हणाल्या, आणि तो हात दोन्ही हातांनी धरून माझ्याजवळ बसून राहिल्या. मला आता कोणीही कुठेही पाठवणार नव्हतं.